नदीकाठची पाटी : एक अभ्यास

कोणत्याही शाळेत शिरताना प्रथम भेटते ती कोनशिला. उद्घाटकांचे नाव मोठ्या अक्षरांत, देणगीदारांची नावे त्याखाली, शेवटी तारीख. भिंत रचणारा गवंडी आणि शंभर मुलांच्या भाकरी थापणाऱ्या मावशी यांची नावे तिच्यावर नसतात. दगड खोटे बोलत नाही, पण तो सगळेही सांगत नाही. इतिहास शिकवताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो, की पाटी वाचताना चार प्रश्न विचारावेत. ती कोणी लावली? केव्हा लावली? कोणाच्या पैशाने लावली? आणि तिच्यावर काय लिहिलेले नाही? या प्रश्नांचा सराव करण्यासाठी आम्ही या लेखात एक दूरचे उदाहरण घेतले आहे. अंतर फार असले तरी आपल्या वाचकांना ते परके वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात टॅलाहॅची नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील तालुका-जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. सपाट काळी जमीन, कापसाची शेते आणि मधून वाहणारी गढूळ टॅलाहॅची नदी, असा हा प्रदेश. या कौंटीला मुख्यालये दोन आहेत, चार्ल्सटन आणि समनर. समनर हे अगदी लहान गाव. चौकात विटांचे न्यायालय आणि त्याच्या आवारात दगडी सैनिकाचा पुतळा. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांच्या गौरवार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी तो उभारण्यात आला. युद्ध हरल्यानंतर कित्येक दशकांनी दक्षिणेत गावोगावी न्यायालयांसमोर असे पुतळे उभे राहिले. मृतांचे स्मरण हा त्यांचा एक हेतू होता. पण न्यायालयाची पायरी चढणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला येथे सत्ता कोणाची आहे हे समजावे, हाही होता. त्याच समनरच्या वेशीवर १९५५ साली गावाचे ब्रीद सांगणारी एक पाटी होती. तिचा आशय असा, की मुलगा वाढवायला हे गाव चांगले.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा शिकागोहून सुट्टीसाठी आपल्या आईच्या मावशीकडे आला. शेजारच्या लफ्लोर कौंटीतील मनी या खेड्यात ब्रायंट यांचे किराणा दुकान होते. २४ ऑगस्टला तो तेथे गेला. दुकानातल्या गोऱ्या तरुणीशी तो आगाऊपणे वागला, असा बोभाटा झाला. २८ ऑगस्टच्या पहाटे त्या तरुणीचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी मुलाला घरातून उचलून नेले. ३१ तारखेला त्याचे प्रेत नदीत सापडले. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगमधला जड लोखंडी पंखा बांधलेला होता. बोटातील वडिलांच्या अंगठीवरून ओळख पटली. आई मॅमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. आपल्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. हजारो लोकांनी ते पाहिले आणि ‘जेट’ या नियतकालिकाने छायाचित्रे छापली. आमच्या मते या प्रकरणातील पहिले स्मारक तीच उघडी पेटी होय.

खटला समनरच्या न्यायालयात सप्टेंबरमध्ये चालला. कौंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही मतदार यादीत त्यांची नावे नव्हती. आणि मतदार नाही तो ज्युरीत बसू शकत नाही. म्हणून ज्युरीतील बाराही जण गोरे पुरुष होते. गावातील पाचही वकिलांनी आरोपींची बाजू घेतली. मावशीचे यजमान मोझेस राइट, वय चौसष्ट, दुसऱ्याच्या जमिनीत बटाईने कापूस पिकवणारे. ते साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि भर न्यायालयात बोट दाखवून त्यांनी आरोपी ओळखले. अठरा वर्षांच्या विली रीडने, ड्रू गावाजवळच्या एका कोठारातून मारहाणीचे आवाज ऐकल्याचे सांगितले. साक्ष दिल्यावर दोघांनाही मिसिसिपी सोडून जावे लागले. ज्युरीने सदुसष्ट मिनिटांत आरोपींना निर्दोष ठरवले. मध्ये सोडा प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असे एका सदस्याने बाहेर सांगितले. पुढे जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ या नियतकालिकाकडून पैसे घेऊन दोघांनी खून केल्याची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता पाट्यांकडे वळू. मिसिसिपी राज्याने १९४९ पासूनच महामार्गांच्या कडेला ऐतिहासिक पाट्या लावण्याची योजना चालवली होती. हिरव्या पत्र्यावर मॅग्नोलियाचे फूल आणि खाली चार-पाच ओळींचा मजकूर. लढाया, जुने वाडे आणि पहिल्या वसाहतींबद्दल वाटसरूला पुष्कळ माहिती मिळे. एमेट टिलबद्दल मात्र जवळजवळ पन्नास वर्षे एक अक्षरही नव्हते. मोझेस राइट यांनी बोट दाखवले ते न्यायालय तसेच होते, नदी तशीच वाहत होती. गोरी घरे तो विषय काढत नसत, आणि कृष्णवर्णीय घरांत तो मुलांना दटावताना दबक्या आवाजात निघे.

ही कोंडी फुटली ती सत्तेचे पारडे थोडे हलल्यावर. मताधिकार मिळाल्यानंतर काही दशकांनी कौंटीच्या कारभारी मंडळावर कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून येऊ लागले. जेरोम लिटल हे त्या मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांच्या पुढाकाराने २००६ साली स्मारक आयोग स्थापन झाला, त्यात नऊ कृष्णवर्णीय आणि नऊ गोरे सदस्य. त्याच सुमारास कौंटीतील ४९-ई या महामार्गाच्या एका टप्प्याला एमेट टिलचे नाव देण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत त्या फलकावर कोणीतरी कु क्लक्स क्लॅनची आद्याक्षरे रंगवली. २ ऑक्टोबर २००७ रोजी न्यायालयासमोर टिल कुटुंबीयांच्या उपस्थितीत आयोगाने ठराव वाचला. या खटल्यात न्यायाची भयंकर पायमल्ली झाली, हे कौंटीच्या नागरिकांच्या वतीने त्यात मान्य करण्यात आले.

येथे आम्हाला सम्राट अशोकाची आठवण होते. आपल्या विद्यार्थ्यांना तेरावा शिलालेख परिचित आहे. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होत आहे, असे राजा स्वतः दगडावर कोरून सांगतो. सत्ताधाऱ्याने स्वतःचा अपराध रस्त्यावर लिहून ठेवावा, याचे यापेक्षा जुने उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. तथापि एक गोष्ट आपण वर्गात क्वचितच सांगतो. धौली आणि जौगड, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगात, हा तेरावा लेख नाही. तेथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत. पश्चात्ताप दूरच्या प्रजेला वाचायला मिळाला. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दारात तो कोरला गेला नाही. या दृष्टीने पाहता समनरचा ठराव त्याच न्यायालयाच्या अंगणात, त्याच दगडी सैनिकाच्या नजरेसमोर वाचला गेला, ही बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. बावन्न वर्षे उशीर झाला, हेही तितकेच खरे.

२००८ साली आयोगाने या घटनेशी संबंधित ठिकाणी आठ पाट्या लावल्या. त्यांपैकी एक नदीकाठी, ग्रॅबॉल लँडिंग येथे. एकेकाळी तेथे आगबोटींचा धक्का होता. आता कच्चा रस्ता, शेत आणि झाडी. प्रेत येथून बाहेर काढले, असे पाटी सांगत होती. त्याच वर्षी ती उखडून नदीत टाकण्यात आली. दुसरी लावली, तिच्यावर वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या गेल्या. ती उतरवल्यावर मोजली तेव्हा भोके ३१७ भरली. जून २०१८ मध्ये तिसरी उभी केली. पस्तीस दिवसांत तिलाही गोळ्या लागल्या. त्या पाटीशेजारी बंदुका घेऊन हसत उभ्या असलेल्या तीन महाविद्यालयीन तरुणांचे छायाचित्र २०१९ साली उघडकीस आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चौथी पाटी बसवली ती जाड पोलादाची, सव्वादोनशे किलोंहून अधिक वजनाची, गोळी न भेदणारी. सोबत कॅमेरे आणि धोक्याची घंटा. पुढच्याच महिन्यात गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा एक गट तेथे चित्रफीत बनवायला आला आणि घंटा वाजताच पळाला.

पत्र्याचा एक तुकडा, त्यावर काही वाक्ये. एवढ्याला इतके का भ्यावे? ज्याला विस्मरण हवे असते तो पाटीची ताकद आपल्यापेक्षा नीट ओळखतो, असे आम्हाला वाटते. आयोगाने भोके पडलेली ती पाटी भंगारात दिली नाही. २०२१ साली ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात मांडण्यात आली. मूळ मजकुरापेक्षा ती भोकेच अधिक बोलकी ठरली: १९५५चा मजकूर एका हाताने लिहिलेला, आणि त्यावरील एकविसाव्या शतकाची टीप दुसऱ्याच हाताने.

अभ्यासकाने येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पाटीवर लिहिले आहे म्हणून ते निर्विवाद झाले, असे समजू नये. प्रेत नेमके ग्रॅबॉललाच काढले की काही अंतरावर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. डेव्ह टेल यांनी आपल्या संशोधनात याहून मोठी गफलत दाखवली आहे. मारहाण झाली ते कोठार तिसऱ्याच, सनफ्लॉवर कौंटीत आहे. परंतु ‘लुक’मधील कबुलीजबाबात त्या कोठाराचा उल्लेखच नव्हता, उल्लेख केला असता तर आणखी माणसे अडकली असती. नियतकालिकाचा मजकूर लोकांच्या मनात इतका ठसला, की सनफ्लॉवर कौंटी कित्येक दशके या इतिहासातून सुटली, आणि विली रीडची शपथेवरची साक्ष बाजूला पडली. खुन्यांनी पैसे घेऊन सांगितलेल्या कथेने स्मारकांचा नकाशा आखावा, याहून मोठी विटंबना कोणती?

या इतिहासाशी आपले नाते केवळ सहानुभूतीचे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती किती सारखी आहे हे त्यांनी त्यात नमूद केले. डुबॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर पाठवले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासह त्या लढ्याचा वारसा घेऊन. कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि त्यावर कोरलेली महार सैनिकांची नावे लोक नव्याने वाचू लागले. दगड तोच राहिला, वाचणारे बदलले.

समनरचे न्यायालय १९५५च्या रूपात पूर्ववत करून २०१५ मध्ये पुन्हा खुले झाले. २५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या जन्मदिनी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ग्रॅबॉल लँडिंग, समनरचे न्यायालय आणि शिकागोतील अंत्यविधीचे चर्च ही तीन स्थळे एमेट आणि मॅमी यांच्या नावे राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. आईचे नाव त्यात आले, याचे आम्हाला विशेष समाधान आहे.

मनी येथील दुकान मात्र त्या यादीत नाही. त्याची मालकी १९५५च्या ज्युरीतील एका सदस्याच्या वारसांकडे गेली. छप्पर केव्हाच कोसळले, भिंतींवर वेली चढल्या. शेजारी त्याच मालकांचा जुना पेट्रोल पंप आहे. नागरी हक्कांच्या वारशासाठी असलेल्या सरकारी निधीतून दोन लाख डॉलरांहून अधिक खर्चून तो नव्यासारखा करण्यात आला. दुकानापुढे राज्याने २०११ साली पाटी लावली. २०१७ मध्ये कोणीतरी तिच्यावरील छायाचित्रांचा थर खरवडून सोलून काढला. ती पुन्हा बसवण्यात आली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला चकचकीत पंप आधी दिसतो, मग पाटी, आणि तिच्यामागे झाडीत शिरलेल्या त्या दुकानाच्या भिंती.