धूम्रपानाचा जमाखर्च

पहिली सिगारेट बहुधा कोणी विकत घेत नाही. ती मित्राने पुढे केलेली असते. किंमत मोजावी लागते ती पुढे, आणि ती केवळ पानाच्या टपरीवर नव्हे.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. समजा, एक सिगारेट १५ रुपयांना पडते आणि एखादा तरुण दिवसाला पाच ओढतो. रोजचे ७५ रुपये म्हणजे वर्षाचे २७,३७५ रुपये झाले. घरून येणाऱ्या मनीऑर्डरीवर शिकलेल्या पिढ्यांना या रकमेचे मोल सांगावे लागणार नाही.

पण मोठा खर्च शरीराच्या खात्यावर पडतो. धुरातील निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोचते व क्षणभर बरे वाटते. त्याचा अंमल उतरला की बेचैनी सुरू होते आणि पुढची सिगारेट ती बेचैनी घालवण्यासाठीच ओढली जाते. जिला आपण ‘तरतरी’ म्हणतो, ती बरीचशी व्यसनानेच निर्माण केलेल्या अस्वस्थतेवरील तात्पुरती मात्रा होय. विडी पानाची म्हणून निरुपद्रवी, ही समजूतही खोटी आहे. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली असते ती तंबाखूच. शिवाय विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात.

या खर्चाचे मोजमाप ब्रिटनमध्ये झाले आहे. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली तेथील डॉक्टरांनाच त्यांच्या सवयींविषयी प्रश्नावली पाठवली. पुढे पन्नास वर्षे या मंडळींची नोंद ठेवली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : अखेरपर्यंत सिगारेट ओढणारे, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले. मात्र साठीला सोडणाऱ्यांची सुमारे तीन वर्षे वाचली, पन्नाशीला सोडणाऱ्यांची सहा, चाळिशीला नऊ. आणि तिशीला सोडणाऱ्यांचे जवळजवळ सारे नुकसान टळले. स्वतः डॉल यांनीही पुरावा हाती येताच सिगारेट सोडली होती.

सोडल्यावर काय घडते? रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. काही आठवड्यांत खोकला व धाप कमी होऊ लागते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. पहिले काही दिवस मात्र कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, अभ्यासात मन रमत नाही. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बहुतांशी ओसरतो. एकदा निश्चय मोडला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. अनेकांना तो पुनःपुन्हा करावा लागला आहे. डॉक्टरांचा सल्ला व औषधे यांचा आधार घेण्यातही कमीपणा नाही.

विद्यार्थिमित्रहो, तिशी अजून आपल्यापुढे आहे. परंतु ‘तिशीला सोडू’ असे म्हणत थांबणे शहाणपणाचे नाही. दर वर्षी सवय मुरत जाते आणि सोडणे जड होते. पुढे आलेली पहिली सिगारेट नाकारणे, हाच या व्यवहारातील सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ज्यांनी ती घेतली असेल, त्यांनी आजच हिशेब मिटवावा.