स्वभावाला औषध असतं का?

प्रश्न : माझा धाकटा दीर २६ वर्षांचा आहे. पुण्यातल्या नोकऱ्या धरून-सोडून गावी परतला. आज ज्याला डोक्यावर घेतो, उद्या त्याचं तोंड पाहत नाही. परवा दूध संकलन केंद्रावर फॅट कमी लागली म्हणून तिथल्या पोराच्या अंगावर धावून गेला. रात्री स्वतःच्या हाताला इजा करून घेतली नि माझ्यापाशी बसून रडला. डॉक्टर ‘व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणाले. सासूबाई म्हणतात, स्वभावाला औषध नसतं. लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर. खरं काय?
— एक वाचक, बेंबळी (जि. धाराशिव)

उत्तर : ताई, फॅटवरून भांडणारे गावोगाव आहेत. पण रागीट माणूससुद्धा साहेबापुढे आवाज खाली आणतो, पाहुण्यांसमोर सांभाळून घेतो. विकारात नेमकं हेच जमत नाही. घर, कामधंदा, दोस्ती, सगळीकडे तोच साचा, तोही पोरवयापासून किंवा ऐन तारुण्यापासून. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी १९२३ मध्ये मांडलं होतं, की अशा स्वभावापायी माणूस स्वतः तरी सोसतो, नाहीतर भोवतालच्यांना सोसावं लागतं. तुमच्या घरी दोन्ही चाललंय. रात्रीचं ते रडणं नाटक नव्हे.

चांगला-भला माणूस चाळिशीत अचानक बदलला, तर मात्र शोध दुसरीकडे घ्यावा : दारू, नैराश्य, मेंदूचा आजार, एखादा आघात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याच भागात कितीतरी लोक रात्री दचकून उठायचे. त्या दुखण्याला तारीख होती. या विकाराला ती नसते.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत याचे १० प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आयसीडी-११ मध्ये ते कप्पे बहुतेक मोडले. आता आधी बघतात ते सौम्य, मध्यम की तीव्र एवढं. मला हे बरं वाटतं, कारण नावाचा शिक्का बसला की घरचे माणूस बघायचं सोडतात. ‘बॉर्डरलाइन’ हा साचा तेवढा त्यात वेगळा नोंदता येतो : टोकाची माया नि टोकाचा राग, कुणी सोडून जाईल ही धास्ती, स्वतःला इजा. पत्रावरून निदान मी करणार नाही, पण डॉक्टरांना हे एवढं जरूर विचारा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं. स्वभाव बदलणारी गोळी नाही. गोळ्या देतात त्या सोबतच्या नैराश्यासाठी, अस्वस्थतेसाठी. खरा उपचार बोलण्याचा, नि तो महिनोन्‌महिने चालतो. त्यातली डीबीटी ही पद्धत मार्शा लिनेहन यांनी घडवली. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करून घेत होतो, इस्पितळात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं. बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत बहुतेकांचा त्रास पुष्कळ ओसरलेला दिसला. नोकरी नि नाती सावरायला त्याहून वेळ लागतो.

डीबीटी शिकलेला माणूस आपल्याकडे सहज सापडायचा नाही. तरी धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागापासून सुरुवात करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि आजच्या आज एक करा : फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली त्याच्या हाती लागू देऊ नका. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. भडकलेला असताना हिशेब मांडू नका, निवल्यावर बोला. अंगावर धावून येणं मात्र आजाराच्या नावाखाली खपवून घेऊ नका.

लग्नाचं म्हणाल, तर ते उपचार नव्हे. आधी वर्षभर नेमाने दवाखाना होऊ द्या. पुढे स्थळ बघाल तेव्हा मुलीला नि तिच्या घरच्यांना तो स्वतः सगळं सांगेल असं बघा. लपवून लग्न लावलंत तर सोसणारं माणूस एकाने वाढेल.