श्रोतामंडळांचा धडा : सामुदायिक रेडिओ आणि वस्तीविकासातील युवाशक्ती

रेडिओ म्हणजे करमणुकीचे साधन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि लोकशिक्षणाचे आणि लोकसंघटनेचे साधन म्हणूनही त्याचा उपयोग होऊ शकतो, हे महाराष्ट्रात १९५६ सालीच सिद्ध झाले. तो उपयोग कोणत्या अटींवर होतो, हे आज आपल्या वस्तीचा विकास हाती घेऊ पाहणाऱ्या तरुणांनी व त्यांना साहाय्य करणाऱ्या अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पुणे केंद्राचा प्रयोग

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ मंच कार्य करीत होते. त्यांच्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तत्कालीन पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, याप्रमाणे एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. कार्यक्रम ऐकून झाला की मंडळाचे सभासद तेथेच चर्चा करीत. चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडे जात आणि त्यांचा परामर्श पुढील प्रसारणात घेतला जाई.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या वतीने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरात यांनी केले. श्रोतामंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना त्यांनी केली. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत मात्र ती फारच थोडी होती. मंडळांनी ऐकण्यावरच समाधान मानले नाही. काही गावांत विहिरी खोदण्यात आल्या, काही ठिकाणी बालवाड्या सुरू झाल्या.

पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. परंतु मंडळांची संख्या वाढली, त्या प्रमाणात संयोजकांची देखरेख वाढली नाही, आणि कालांतराने अनेक मंडळे निष्क्रिय झाली. यंत्र पोहोचले तरी संघटना आपोआप उभी राहत नाही, हा या इतिहासाचा धडा होय.

प्रक्षेपण लोकांच्या हाती

प्रसारणलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये सुरू केलेले केंद्र हे दुष्काळी माण तालुक्यातील स्त्रिया व शेतकरी यांच्यासाठी चालणाऱ्या प्रसारणाचे उत्तम उदाहरण आहे.

अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॅट असते. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत, अशी अट आहे. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था यांना परवाना मिळत नाही. राजकीय स्वरूपाचे कार्यक्रमही वर्ज्य आहेत.

मीरा-भाईंदरच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर परिसरात १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळीवाडे, मिठागरे, जुनी आगरी गावे आणि मीरा रोडच्या गृहसंकुलांत बाहेरून येऊन स्थिरावलेली बहुभाषिक कुटुंबे एकाच नगरात नांदतात. गावाला चावडी असते. अशा नगराला सर्वांनी एकत्र बसण्याची जागा सहजी मिळत नाही. पहाटे लोकल गाठणाऱ्या नोकरदारास प्रभागात काय घडते याची वार्ता नसते. सामुदायिक रेडिओ ही उणीव काही अंशी भरून काढू शकतो, कारण एका लहान केंद्राचा आवाका अशा नगरास पुष्कळसा पुरेसा पडतो. मात्र उंच इमारती लहरींना अडथळा करतात, म्हणून मनोऱ्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते.

महाविद्यालये व नोंदणीकृत सेवाभावी संस्था यांनी केंद्राची जबाबदारी घ्यावी आणि वस्तीवस्तीतील तरुणांनी श्रोतामंडळे चालवावीत, ही विभागणी हितकारक ठरेल. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस सभासद असावेत. त्यांत विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी व मासळी विकणाऱ्या भगिनी असाव्यात. निम्म्या जागा तरुण मुलींना द्याव्यात. पावसाळ्यापूर्वी नाल्यांची सफाई, कचऱ्याचे वर्गीकरण, डासांची उत्पत्तिस्थाने, अभ्यासिकेची गरज असा एकेक विषय घ्यावा. तरुणांनी वस्तीत फिरून माहिती गोळा करावी, ती ध्वनिमुद्रित करावी, प्रसारण एकत्र बसून ऐकावे आणि चर्चेअंती दोन गोष्टी लिहून काढाव्यात : आपण स्वतः काय करू शकतो, आणि प्रशासनाकडून काय हवे.

उत्तराचे उत्तरदायित्व

यातील दुसरी बाजू प्रशासनाची आहे. पुण्याच्या प्रयोगात श्रोत्यांचा विश्वास टिकला, त्यात प्रश्नांना उत्तरे मिळत होती याचा वाटा मोठा होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. संबंधित अधिकाऱ्यांनी व प्रभाग समितीच्या सदस्यांनी ठरलेल्या दिवशी केंद्रावर येऊन मंडळांच्या प्रश्नांचा खुलासा करावा. काम होणार असल्यास मुदत सांगावी, होणार नसल्यास कारण सांगावे. नकारही सकारण मिळाला, तर तरुण निराश होत नाहीत. मौनाने मात्र ते दुरावतात.

ग्रामपंचायतींनाही हीच पद्धत ग्रामसभेच्या पूर्वतयारीसाठी वापरता येईल. ज्या गावी केंद्राचे प्रसारण पोहोचत नाही, तेथे शिक्षकांनी आकाशवाणीचा एखादा कार्यक्रम निवडून तरुणांचे मंडळ बसवावे. प्रक्षेपक नंतर आला तरी चालेल. प्रारंभ श्रोतामंडळापासून व्हावा.