दान पडलं ते पडलं

दरवर्षी आयकर रिटर्नची मुदत संपली की आमच्या ऑफिसात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. ठाण्यात एका सीएकडे मी तेवीस वर्षं हिशेब लिहिते. २०२३ साली ती मुदत ३१ जुलैला संपली आणि त्या ऑगस्टमध्ये नवरा फिरतीवर होता, मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, आणि त्याचा भलाथोरला कॉम्प्युटर मागच्या खोलीत जुनी चादर पांघरून बसलेला. ३ तारखेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम बाहेर पडला. मुलाचा फोन आला, “आई, दिवाळीपर्यंत मला काही खेळता यायचं नाही. तू बघ ना लावून.” जशी काही एखादी मालिकाच.

या नावाचे आधीचे दोन गेम १९९८ आणि २००० साली आले होते, मला त्यांचा पत्ताही नव्हता. हा तिसरा बेल्जियममधल्या गेन्टच्या लॅरिअन स्टुडिओजचा. त्याच्या मुळाशी आहे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ सालचा अमेरिकन बैठा खेळ: चार टाळकी टेबलाभोवती जमतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं सोंग वठवतात आणि अडलं की फासे टाकतात. इथे गोष्ट सांगायचं काम कॉम्प्युटर करतो. पहिल्या बावीस तासांत मला जे कळलं ते लिहून ठेवतेय. तीन अंकांपैकी पहिलाही अजून पुरता झालेला नाही, तेव्हा याला निकाल समजू नये.

१. आधी कपाटात जागा आहे का बघा.
गेमला १५० जीबी जागा लागते. माझ्या घरच्या नेटवर तो उतरायला दोन रात्री आणि एक दुपार गेली. मधेच एकदा लाइट गेली. जागेसाठी मुलाचे तीन जुने गेम त्याला विचारून उडवले आणि ‘बारावी क्लास नोट्स’ नावाचा फोल्डर न विचारता. त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही.

२. सोंग घ्यायला तीन संध्याकाळी घालवू नका.
मी घालवल्या. अकरा वंश, बारा पेशे. शिंगं हवीत का, कान किती टोकदार, डोळ्यांचा रंग, गालावरचा व्रण. वयाची अट १८ का आहे तेही याच पडद्यावर कळतं, आणि नेमका तेव्हा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. दोघंही एकदम खोकलो.

खरी मेख पुढे होती. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप अशा सहा गुणांत सत्तावीस पॉइंट वाटायचे असतात. मी विझर्ड घेतली, म्हणजे पोथ्या वाचून जादू करणारी, आणि हिशेबनिसाच्या सवयीने जिथे परतावा दिसला तिथे गुंतवणूक केली. बुद्धी भरपूर. छाप म्हणजे बोलून समोरच्याला वळवण्याची ताकद. ती ठेवली तळाला, ८ वर. ८ असले की अशा प्रत्येक दानातून एक वजा होतो. मला वाटलं, एकाने काय होतंय. तेवीस वर्षं ताळेबंद जुळवणाऱ्या बाईने असं म्हणायला नको होतं.

(चूक सुधारता येते. एका पुरातन थडग्यात एक वाळलेला, भयंकर सभ्य म्हातारा भेटतो. थडगं चुकवलंत तरी तो यथावकाश तुमच्या तळावर येऊन उभा राहतो. शंभर सोन्याची नाणी घेऊन तो गुणांची वाटणी पहिल्यापासून करू देतो. मला हे उशिरा कळलं.)

३. सांगणारीला बोलू द्या.
सुरुवातच अंगावर येते. माइंड फ्लेयर नावाचे, तोंडाला आठ पायांच्या माशासारखे लोंबते अवयव असलेले प्राणी तुमच्या डोळ्यातून बेडूकमाशासारखी एक अळी आत सोडतात. ती मेंदूत वाढली की तुम्ही त्यांच्यातलेच होणार. त्यांचं उडतं जहाज कोसळतं, तुम्ही किनाऱ्यावर शुद्धीवर येता, आणि भोवती जमणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात तसलीच अळी.

खेळ सगळा इंग्रजीत आहे. खाली अक्षरं उमटतात, पण मराठी नाहीत, हिंदीही नाहीत. पहिले दोन तास मी टॅक्सच्या नोटिशीसारखी ती अक्षरंच वाचत होते. मग लक्षात आलं, की एक बाई मधेमधे थेट मलाच सांगतेय: तुला आता असा वास येतोय, तुझ्या मनात असं काहीतरी हललं. अमेलिया टायलर असं त्या निवेदिकेचं नाव. कीर्तनात बुवा आख्यान थांबवून पुढच्या रांगेतल्या एखाद्या आजींकडे बघून “काय हो, तुम्ही काय केलं असतंत?” विचारतात ना, तसा तिचा स्वर आहे. मी अक्षरं बंद केली नाहीत, पण डोळे वर केले. तिथून गेम दिसायला लागला.

४. कळ ओढण्याआधी पाटी वाचा.
एका ओसाड गावात टवाळ गॉब्लिनांनी एका बुटक्याला पवनचक्कीच्या पात्याला बांधलंय आणि तो गरगर फिरतोय. गॉब्लिनांना हाकलून मी आत गेले. दोन कळा होत्या. एक ब्रेक लावायची, एक ब्रेक सोडायची. मी हाताला लागली ती ओढली.

बुटका फार लांब गेला.

५. दान.
सगळं लिहायला घेतलं ते खरं यासाठी.

गेममध्ये कोणाला पटवायचं, फसवायचं, धमकवायचं असलं की पडद्याच्या मधोमध वीस बाजूंचा फासा येतो. वर गाठायचा आकडा लिहिलेला असतो. फासा लोळतो, थांबतो, तुमच्या गुणाचे अधिक-उणे त्यात पडतात. २० पडले की काहीही असो, जमलं. १ पडला की काहीही असो, फसलं. आणि कीबोर्डवर दोन बटणं आहेत: एफ ५ दाबलं की आहे त्या क्षणाची नोंद होते, एफ ८ दाबलं की त्या क्षणावर परत. मुलाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. “मारामारीआधी एफ ५ दाबत जा, आई.” मी मारामारीपुरतं थांबले नाही. दार उघडण्याआधी एफ ५, नमस्कार करण्याआधी एफ ५.

जंगलातल्या एका वाडीत निर्वासित अडकून पडलेत. शिंगंवाले, शेपटीवाले टिफ्लिंग. तिथल्या ड्रुइडांना, म्हणजे निसर्ग पुजणाऱ्या मंडळींना, ते नकोसे झालेत. टिफ्लिंगांमधल्या अराबेला नावाच्या एका लहान मुलीने ड्रुइडांची मूर्ती चोरली म्हणून तिथल्या प्रमुख बाईने तिला कोंडीत धरलंय, समोर एक विषारी साप सोडलेला. आईबापांना बाहेर अडवलंय. मी मध्ये पडले. मुलीला सोड म्हणाले. फासा आला.

चार पडले. वजा एक, तीन. पोर घाबरून पळायला गेली आणि सापाने तिला तिथेच गाठलं.

एफ ८. पुन्हा नमस्कार, पुन्हा तेच बोलणं, शब्दाला शब्द. सात. पोर पळाली. एफ ८. तिसऱ्यांदा फासा फिरत होता तेव्हा मी काय करत होते, तर मुलीकडे बघतच नव्हते, आकड्याकडे बघत होते. नऊ. आणि पोर परत पळाली, त्याच पावलांनी.

मी हात बटणावरून उचलला. एकाच पोरीला मी तीनदा मारलं होतं.

वाईला माझी आजी भरपावसात सोंगट्यांचा पट काढायची. कापडाचा, चार पाखांचा, कडेने विरलेला. कवड्या खुळखुळवून टाकायच्या. हव्या तशा नाही पडल्या की आम्ही पोरं पटकन गोळा करून म्हणायचो, “हे धरायचं नाही, हात हलला.” आजी मनगट पकडायची. पडलेलं दान उचलायचं नाही, हा तिचा नियम. सोंगटी घरच्या तोंडाशी मरायची, रडू यायचं, आजी शांतपणे पुढच्या भिडूला कवड्या द्यायची. त्या काळात मला ती दुष्ट वाटायची.

आणि ऑफिसात माझ्याकडे महिन्याला एकतरी जण येतोच: “मॅडम, जरा मागची तारीख टाका ना व्हाउचरवर.” मी टाकत नाही. मग इथे रात्री बारा वाजता मी दुसरं काय करत होते?

मुलाला फोन लावला. तो जागाच होता, हॉस्टेलवर झोपतं कोण. म्हणाला, “अगं, तिला वाचवता येतं. छाप असलेल्याला पुढे करायचं, बोलायला. आणि क्लेरिक म्हणजे पुजारी, त्याच्याकडे एक मंत्र असतो, त्याने एक ते चार वाढतात. मागे जा ना.”

मी मागे गेले नाही. बाहेर तिचे आईबाप उभे होते, आणि त्यांना काय झालं ते सांगणं माझ्याच वाट्याला आलं. त्या आईचा चेहरा मी इथे लिहीत नाही. गेम बंद करून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच ओटा पुसला.

त्या रात्रीनंतर एफ ८ मला वर्ज्य. लाइट गेली तर गोष्ट वेगळी. गेममध्येच एक रीतसर सवलतही आहे: तुमच्या पात्राच्या पूर्वायुष्याला साजेसं काही केलंत की ‘प्रेरणा’ मिळते, अशा चारच साठवता येतात, आणि एक खर्चून फसलेलं दान पुन्हा टाकता येतं. कवडी पटाबाहेर उडाली तर आजीही परत टाकू द्यायची. ते मला चालतं. ती कमावलेली असते.

गंमत ही, की दान फसू दिल्यावर गेम जास्त दाखवायला लागला. एका पहाऱ्यावर थाप फसली तर मारामारी झाली, मारामारीत मागचा कठडा तुटका दिसला, एकाला धक्का दिला तर तो खाली पडला, आणि खाली उतरून त्याचे खिसे तपासताना मला एक वाट सापडली जी एरवी दिसलीच नसती. लिहिणाऱ्यांनी फसण्यासाठीही तेवढंच लिहून ठेवलंय. एफ ८ दाबणाऱ्याला त्यातलं अर्धं दिसत नाही आणि पैसे मात्र पूर्ण भरलेले.

६. झोपा.
सगळे घाबरवतात की अळी पिकतेय, घाई करा. म्हणून मी मंत्र संपले, साथीदार लंगडायला लागले तरी तळावर जाईना. दिवसातून दोनदा दम खाता येतो, त्यावरच ढकलत होते. नऊ तास खेळून माझ्या गोष्टीत फक्त एक रात्र झाली होती. मुलगा ओरडला, “आई, झोप!” मला वाटलं मला म्हणतोय.

पूर्ण मुक्कामाला शिध्याचे चाळीस पॉइंट लागतात: पाव, मटण, वांगी, काय मिळेल ते. आणि साथीदार मनातलं बोलतात ते तळावरच, शेकोटीपाशी. न झोपणाऱ्याला त्यांची दुखणी कळतच नाहीत. मी सलग तीन मुक्काम केले आणि जो फाकडू गोरापान पोरगा मला आल्यापासून संशयास्पद वाटत होता, त्याचं गुपित कळलं. तेही मध्यरात्री, तो माझ्या मानेवर वाकलेला असताना.

७. चमचे उचलू नका.
प्रत्येक पिंप, पेटी, प्रेताचा खिसा उघडता येतो, आणि मध्यमवर्गीय बाईला रिकाम्या बरण्या सोडवत नाहीत. माझी विझर्ड ओझ्याने पाय ओढत चालायला लागली तेव्हा तिच्याकडे अकरा चमचे, कुजके टोमॅटो आणि एका मेलेल्या भिक्षूचे बूट होते. औषधाच्या कुप्यांतली मात्र एकही वापरलेली नाही, पुढे लागतील म्हणून. या बाबतीत मला माझ्याकडून सुधारणेची आशा नाही.

८. प्राण्यांशी बोलायची कुपी मात्र प्या.
ती एकच मी प्यायले. रस्त्याकडेला एक पांढरा कुत्रा बसलेला, शेजारी मेलेला माणूस. कुत्र्याला वाटतंय मालक झोपलाय. मी त्याला खरं सांगितलं नाही. हात पुढे केला, त्याने हुंगला. तळाचा वास लक्षात ठेव, वाटलं तर ये, एवढंच म्हणाले.

तीन मुक्काम तो आला नाही. चौथ्या रात्री शेकोटीच्या कडेला उभा, शेपूट हलवत.

काल मुलाचा फोन आला. पुढच्या अंकात शिरलीस का, गॉब्लिनांचा तळ उडवलास का, विचारत होता. म्हटलं, नाही रे, अजून तिथेच आहे. मग तासभर करतेयस काय? म्हटलं, चेंडू टाकतेय. तो आणून देतो.