टाळ आधी, हात मागून

व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेला की चित्र आणि आवाज यांची फारकत होते, हा अनुभव होस्टेलवर बहुतेकांनी घेतलेला असेल. गॅदरिंगच्या नाटकाची फाइल कन्व्हर्ट केली की ओठ एकीकडे आणि संवाद दुसरीकडे. मग सगळे जण व्हीएलसी उघडून जे आणि के ही बटणं दाबत बसतात. एका दाबाला आवाज ५० मिलिसेकंद पुढे किंवा मागे सरकतो. कधी जमतं, तर कधी दहा मिनिटांनी पुन्हा तेच रडगाणं. मीही हेच करायचो. पण घरच्या एका टेपनं माझी चांगली जिरवली, त्याची ही हकिगत.

आमचं गाव नातेपुते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड करत सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्याकडे असतो. २००६ सालच्या मुक्कामाला आमच्या अंगणात भजन झालं, ते चुलत्यांनी मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर घेतलं होतं. त्यात आजोबा टाळ घेऊन पुढे उभे आहेत. आजोबांचं चालतंबोलतं चित्र घरात तेवढंच. ते गेल्यावर टेप कपाटात पडून राहिली. कॅमेरा अजून चालतो म्हटल्यावर मी फायरवायरचं पोर्ट असलेला एक जुना पीसी मिळवला, टेप उतरवून घेतली, तिची एमपीफोर केली आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन जागी तपासली. तिन्हीकडे टाळ आणि आवाज अगदी बरोबर! खुशीत येऊन पेन ड्राइव्ह आजीच्या टीव्हीला लावला.

बाराव्या मिनिटाला आजी म्हणाली, "आरं, टाळ आदी वाजतुय आन् हात मागनं येतुय. ह्यांचा टाळ कदी चुकला न्हाई."

मला आधी पटेना. तीन ठिकाणी तपासलंय की! पण बारावं मिनिट पुन्हा लावलं तर खरंच, टाळ लांब असताना आवाज येतोय आणि मिटताना शांतता.

आता खरी गंमत. मी तपासायला टाळ निवडला, कारण दोन तबकड्या भिडतात तो क्षण चित्रात आणि आवाजात दोन्हीकडे ठळक दिसतो. क्लॅपर बोर्डाचं तत्त्व हेच. पण क्लॅपर एकदाच वाजतो आणि टाळ वाजतच राहतो. भजन रंगात आलं होतं तेव्हा टाळ सुमारे ०.४५ सेकंदाला एकदा पडत होता. म्हणजे आवाज बरोबर ०.४५ सेकंद आधी आला, तर तो मागच्या टाळेवर जाऊन बसणार आणि बघणाऱ्याला सगळं जुळलेलं दिसणार. ०.९ सेकंद आधी आला तरीही तेच. सिग्नल्सच्या पेपरात एलियासिंगवर आपण पानं भरून येतो, पण ते अंगणात भेटलं की ओळखत नाही!

म्हणून मी एकदाच घडणाऱ्या गोष्टी शोधल्या. पंचविसाव्या मिनिटाला कुणाच्या तरी पायाने तांब्या लवंडतो. पन्नासाव्या मिनिटाला आजोबा टाळ कपाळाला लावून ओट्यावर ठेवतात, त्याचा खण्ण आवाज होतो. एकेक फ्रेम सरकवून मोजलं. तांब्याचा आवाज ११ फ्रेम आधी, टाळ ठेवल्याचा २२-२३ फ्रेम आधी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे साधारण ०.४५ आणि ०.९ सेकंद. सुरुवातीला फरक शून्य. आणि बाराव्या मिनिटाला हिशेबाने जवळजवळ ०.२२, बरोबर अर्धी टाळ! आजीनं नेमकं सर्वांत वाईट ठिकाण पकडलं होतं.

शून्य, ०.४५, ०.९ ही सरळ रेषा झाली. ३००० सेकंदांत ०.९, म्हणजे ०.०३ टक्के. हे आलं कुठून? टेपवर प्रत्येक फ्रेमसोबत तिच्या वाट्याचा आवाजही साठवलेला असतो, त्यामुळे कॅमेऱ्यावर टेप कायम जुळलेली दिसते. पण घरगुती डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाला पक्कं बांधलेलं नसतं. आवाज १२ बिटवर घेतला तर सेकंदाला ३२,००० नमुने असं कागदावर असतं. या कॅमेऱ्यानं प्रत्यक्षात ३१,९९० च्या आसपास घेतले होते. कन्व्हर्ट करताना आवाज फ्रेमपासून सुटा झाला, प्रोग्रॅमनं ३२,००० वर विश्वास ठेवला आणि आवाज थोडा लवकर संपू लागला.

इलाज मग सोपा. सुटा आवाज ऑडॅसिटीत उघडला, ट्रॅकचा रेट ३१,९९० लिहिला, ४८,००० वर एक्स्पोर्ट केला आणि चित्र पुन्हा एन्कोड न करता, आहे तसं ठेवून त्याला जोडला. सुरात पडलेला फरक कानाला कळणं शक्य नाही.

तुमच्या फाइलचं दुखणं वेगळं असू शकतं, म्हणून आधी दोन-तीन जागी मोजा. सगळीकडे फरक सारखाच आला तर नुसतं सरकवा. एव्हीडेमक्समध्ये मिलिसेकंदात आकडा टाकायची सोय आहे. फरक वाढत जात असेल तर आवाज ताणावा किंवा आवळावा लागेल, तिथे जे-के बडवून उपयोग नाही. तासाला ३.६ सेकंद निघाले तर कुणीतरी २९.९७ फ्रेमच्या जागी ३० धरलेत. मिनिटाला २.४ सेकंद गेले तर २४ फ्रेमचा सिनेमा २५ नं पळवलाय. आणि फरक मध्येच उडी मारत असेल, तर टेप उतरवताना फ्रेम गळल्या आहेत; निमूटपणे पुन्हा उतरवा. मोबाइलवरच्या शूटिंगचा घोटाळा आणखी निराळा. अंधारात मोबाइल सेकंदाला कमी फ्रेम घेतो, उजेडात जास्त, आणि बरेच प्रोग्रॅम सगळ्या सारख्याच अंतरावर धरतात. एडिटिंगच्या आधी हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्या.

एक फरक मात्र दुरुस्त करू नये. सदाशिवनगरचं रिंगण तुम्ही ७० मीटरवरून घेतलं, तर आवाज ०.२ सेकंद उशिरा येणारच, कारण तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मापासून सवय आहे. आधी येणाऱ्याची नाही. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की जाणवतो असं धरलंय, उशिराला मात्र १२५ पर्यंत सूट आहे.

नवी फाइल घेऊन सुट्टीत घरी गेलो. बारावं मिनिट आलं आणि गेलं. आजी टीव्हीकडे बघतच म्हणाली, "आवाज वाढीव जरा."