हिरडीवरची पुळी फुटते, पुन्हा भरते
प्रश्न : खालच्या दाढेजवळ हिरडीवर दुखरी पुळी येते. फुटली की बरं वाटतं, पण ती पुन्हा भरते. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू का?

उत्तर : नको. मूळ बहुधा दाढेत आहे. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की मुळाच्या टोकाशी पू साठतो आणि हाडातून वाट काढत हिरडीवर येतो. पुळी फुटल्यावर दाब उतरतो, म्हणून ठणका थांबतो; संसर्ग तसाच राहतो. गोळ्यांनीही फार तर सूज ओसरेल. एक्स-रे काढून रूट कॅनल करावं लागेल. दाढ वाचण्यासारखी नसेल, तर काढावी लागेल. तोवर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. सुईने टोचणं (बरेच जण करतात!) टाळा. ताप, गालाला सूज, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठा.