योनाचे चिन्ह : थडग्यावर आणि पोथीत

पाठाचा शास्त्रभाग : योना, अध्याय १ ते ४; मत्तय १२:३८-४१

खेड्यांतील मंडळ्यांत कोणी प्रभूमध्ये निजला म्हणजे त्याच्या थडग्यावर काय कोरावे, असा प्रश्न निघतो. कोणी म्हणतात, नुसते नाव पुरे. चित्र कोरले तर ती मूर्तिपूजा होईल. कोणी म्हणतात, आमच्या वृद्धांना अक्षर येत नाही. त्यांना त्या दगडापासून काय बोध होणार? ह्या कामी आद्य ख्रिस्ती लोकांची रीत पाहणे हितकारक होईल, असे आम्हांस वाटते.

१. थडग्यावरील योना. रोम शहराबाहेर मऊ दगडात खोदलेली भुयारे आहेत. त्यांच्या भिंतींत एकावर एक कोनाडे कोरून त्यांत प्रेते ठेवीत व तोंड फरशीने किंवा विटांनी बंद करीत. कॅलिक्स्टस ह्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुयारात तिसऱ्या शतकातील चित्रे आहेत. त्यांत योना तारवातून समुद्रात टाकला जातो, जलचर त्याला ओकून टाकतो, आणि तो वेलीखाली विसावा घेतो. वधस्तंभाचे चित्र त्या काळी फार विरळ असे. योना मात्र वारंवार आढळतो. कारण उघड आहे. प्रभूने स्वतःच्या तीन दिवसांच्या कबरवासाची खूण म्हणून योनाचेच नाव घेतले होते. लेकरू पुरून परतणाऱ्या आईला अक्षर येत नसले, तरी गिळलेला मनुष्य परत येतो, एवढे तिला कळत असे.

२. चित्रातील जलचर. हा जलचर माशासारखा नाही. त्याचे मुख श्वापदाचे, पुढे पाय, मागे वेटोळ्यांची शेपटी. ग्रीक लोक आपल्या पोसायडन नामक समुद्रदेवाच्या परिवारात असे प्राणी दाखवीत. तो देव आपल्या कोल्हापूरकरांस अगदीच परका नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत त्याची लहान कांस्यमूर्ती सापडली असून ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. १९४५-४६ साली त्याच टेकडीचे उत्खनन सांकलिया व दीक्षित ह्यांनी केले. रोमी जगाचा व्यापार येथवर पोहोचला होता, याची ती साक्ष होय. ख्रिस्ती चित्रकाराने त्या जगाच्या परिचयाचा प्राणी घेतला. पण त्याला पूज्य न ठेवता देवाच्या आज्ञेने गिळणारा व परत देणारा चाकर केले.

३. पोथीतील योना. सहाव्या शतकात अलेक्झांड्रिया येथील कॉस्मस नामक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट आहे हे त्याचे मत चुकीचे होते. परंतु कल्लियाना ह्या बंदरात इराणातून नेमलेला बिशप आहे, असे तो नमूद करतो. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक विद्वान मानतात. मूळ प्रत उरली नाही. नवव्या शतकातील एक सचित्र प्रत रोममधील व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे, आणि तीत योना व त्याचा जलचर पुन्हा भेटतात. म्हणजे ज्या ग्रंथात महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचा इतका जुना उल्लेख आहे, त्याच ग्रंथाच्या प्रतीत थडग्यावरील ती आशा चर्मपत्रावर उतरली आहे.

४. बोध. चित्रांत धोका नाही, असे आम्ही म्हणत नाही. लोक चित्रांना नमन करू लागले, तेव्हा त्या पूर्वेकडील मंडळीत शतकाहून अधिक काळ कलह माजला आणि तो ८४३ साली मिटला. म्हणून कसोटी ही : चित्र पाहणाऱ्याला वचनाकडे पाठविते, की स्वतःपाशीच थांबविते? पोथीतील योना वचनाच्या शेजारी आहे. भुयारातील योना शोक करणाऱ्यांना प्रभूच्या शब्दाची आठवण देतो. आपल्या गावचा पाथरवट दगडावर जहाज, वेल किंवा मेंढपाळ कोरील तर त्यास हरकत घेऊ नये. मात्र त्याला हार घालू नये, दिवा लावू नये. आणि त्याचा अर्थ मुलांना सांगणारे कोणी तरी मंडळीत अवश्य असावे.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न : (१) प्रभूने योनाची खूण कशासाठी दिली? (२) परक्या लोकांच्या परिचयाचा प्राणी ख्रिस्ती आशेच्या कामी कसा आला? (३) आपल्या गावच्या थडग्यांवरील खुणांचा अर्थ मुलांना ठाऊक आहे काय?